सात मिनिटं की चौदा? एकच संगीत, इतकी रेकॉर्डिंगं कशाला

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताशी तिचा संबंध एवढाच, की कुठल्याशा रीलमागे गुस्ताव माहलरच्या पाचव्या सिंफनीतला 'अडाजिएटो' नावाचा भाग वाजत होता आणि तो तिच्या डोक्यात बसला. पूर्ण ऐकावा म्हणून फोनवर शोधायला गेली तर समोर ढीग. वरचे दोन तिनं उघडून पाहिले. एक सात मिनिटांचा, दुसरा जवळजवळ चौदा मिनिटांचा. रात्री अकराला मला मेसेज आला : "मामा, यातलं एक कुणीतरी स्लो केलंय का? की दुसरं अर्धवट आहे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आजची मुलं 'स्लोड प्लस रिव्हर्ब', म्हणजे लय उतरवून घुमवलेली गाणी, ऐकतच मोठी झाली आहेत. पण इथे कुणी कळ फिरवलेली नाही. दोन्ही पूर्ण आहेत, एकही स्वर गाळलेला नाही, जास्तीचा घातलेला नाही. वाद्यंही तीच. सात मिनिटांचा अडाजिएटो १९२६ साली विलेम मेंगेलबर्ग यांनी ॲमस्टरडॅमला वाजवून घेतला. चौदा मिनिटांचा बर्नार्ड हायटिंक यांनी १९८८ साली बर्लिनला. दोघंही डच, दोघंही ॲमस्टरडॅमच्या एकाच ऑर्केस्ट्राचे वर्षानुवर्षं प्रमुख. म्हणजे 'त्यांचं घराणंच वेगळं' असं म्हणायचीही सोय नाही.

मग हा दुपटीचा फरक आला कुठून?

कागदावर असतं तरी काय

आधी दोन-तीन शब्द निस्तरू. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत रात्री हिंदी गाणी म्हणणारा चमू आठवतो. इथला ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी-शंभर वादकांचा ताफा. त्यांच्यासमोर हातात छडी घेऊन उभा असतो तो कंडक्टर (एसटीचा नव्हे). सिंफनी म्हणजे या ताफ्यासाठी लिहिलेली, बहुधा चार-पाच भागांची मोठी रचना. आणि स्कोअर म्हणजे ती रचना स्वरलिपीत जिच्यात उतरवलेली असते ती वही. कुणी, कुठल्या क्षणी, कुठला स्वर, किती मात्रा, किती जोरात वाजवायचा, सगळं त्यात असतं.

आपल्याला इथे चटकन बंदिशीची उपमा सुचते. क्रमिक पुस्तकात बंदीश एकच, पण किराण्याचा गायक ती एक तऱ्हेनं मांडणार, जयपूरचा दुसऱ्या. पण ही उपमा थोडं अंतर चालून दगा देते. आपला गायक आलाप, ताना, बोल स्वतःचे घालतो. माहलरच्या वादकाला एक स्वरही पदरचा घालायची मुभा नाही. त्यापेक्षा नाटकाची संहिता घ्या. संवादातला शब्द बदलायचा नाही अशी लेखकाची सक्त ताकीद आहे. तरी एक नट 'बरं' म्हणून लगेच पुढचं वाक्य घेतो आणि दुसरा 'बरं' म्हणून खिडकीकडे बघत उभा राहतो. संहितेत दोन्हीकडे 'बरं' एवढंच आहे.

अडाजिएटोच्या डोक्यावर माहलरनं जर्मनमध्ये लिहिलंय, 'फार सावकाश'. बस. मिनिटाला किती मात्रा, याचा आकडा द्यायची सोय त्या काळी होती. मेट्रोनोम नावाचं टिकटिकणारं यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं आणि कित्येक रचनाकार आकडा देतही. इथे माहलरनं तो दिला नाही. स्वतः युरोपातला नावाजलेला कंडक्टर असल्यामुळे त्याला ठाऊक होतं, की दालन बदललं, वादक बदलले, की लय थोडी बदलावीच लागते.

आता जरा गणित. या भागात १०३ आवर्तनं आहेत, प्रत्येकी चार मात्रांची. सात मिनिटांत संपवायचं तर एका आवर्तनाला सरासरी चार सेकंद मिळतात. चौदा मिनिटांत, आठ. घड्याळ समोर ठेवून करून बघा. चार सेकंदांत चार मात्रा हातावर सहज मोजता येतात. आठ सेकंदांत मोजताना तिसऱ्या मात्रेला मन भरकटतं.

आणि नेमकं तेच सुरुवातीला घडवून आणलं जातं. हार्प एकेक स्वर टिपत येतो. त्यात सम कुठे आहे ते कळतच नाही. त्यावर व्हायोलिनं येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प, ध, नी असे चढत येतात आणि नीवर थांबतात. सा हाकेच्या अंतरावर आहे, कानाला तो हवाय, आणि व्हायोलिनं नीवरच रेंगाळतात. मग हळूच सा. सगळ्या भागाची जादू या नी आणि सामधल्या थांबण्यात आहे. मेंगेलबर्गच्या तबकडीत हे थांबणं म्हणजे दारात उभं राहून 'येऊ का?' विचारणं. हायटिंककडे दारातच संध्याकाळ होते.

प्रेमपत्र की अंत्ययात्रा?

माहलरनं ही सिंफनी १९०१ आणि १९०२ च्या उन्हाळ्यांत लिहिली. या दोन उन्हाळ्यांच्या मध्ये त्याच्या आयुष्यात एक गोष्ट घडली : नोव्हेंबर १९०१ मध्ये आल्मा शिंडलर भेटली आणि मार्च १९०२ मध्ये लग्नसुद्धा झालं. मेंगेलबर्ग माहलरचा मित्र. त्यानं आपल्या स्कोअरच्या पानावर लिहून ठेवलंय, की अडाजिएटो हे माहलरचं आल्माला लिहिलेलं प्रेमपत्र आहे. पत्राऐवजी त्यानं हे हस्तलिखितच पाठवलं. आल्मानं स्वतःच्या आठवणींत याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, हेही खरं. तरी, प्रेमपत्र म्हणून ऐकायचं तर सात मिनिटंच पटतात. प्रेमात पडलेला माणूस इतका रेंगाळत बोलत नाही. त्याला उत्तर हवं असतं.

दुसरा साक्षीदार ब्रूनो वॉल्टर. हा व्हिएन्नात माहलरचा सहायक होता. त्यानं १९३८ मध्ये व्हिएन्नाला केलेला अडाजिएटो आठ मिनिटांचा आहे आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कला केलेला साधारण साडेसात. म्हणजे माहलरला प्रत्यक्ष ओळखणारे दोन कंडक्टर, तीन शहरं, दोघंही सात-आठ मिनिटांत.

मग काळ बदलला. लेनर्ड बर्नस्टाइननं १९६३ च्या न्यूयॉर्क रेकॉर्डिंगमध्ये अकरा मिनिटं घेतली. हर्मान शेर्खेननं १९६४ मध्ये फिलाडेल्फियाला पंधरा. जून १९६८ मध्ये अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीच्या वेळी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये बर्नस्टाइननंच अडाजिएटो वाजवून घेतला. १९७१ मध्ये विस्कोंतीच्या 'डेथ इन व्हेनिस' या चित्रपटात मरणाच्या सावलीतल्या माणसामागे तो पुन्हापुन्हा वाजला. झालं. लग्नाआधीचं पत्र शोकसंगीत होऊन बसलं. चित्रपटामुळे लय उतरली असं सरधोपटपणे म्हणतात, पण तारखा बघा. शेर्खेनची पंधरा मिनिटं त्याच्या सात वर्षं आधीची आहेत. चित्रपटानं फक्त शिक्का मारला.

यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे विलंबित ख्यालाचं असंच झालं. विसाव्या शतकात तो आणखी आणखी सावकाश होत गेला. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला ख्याल ऐकताना नवख्याला वाटतं, दोन मात्रांच्या मध्ये खाली जाऊन दूध घेऊन येता येईल. आज तीच लय आपल्याला पुरातन वाटते. संथ म्हणजे जुनं, संथ म्हणजे खोल, अशी गाठ मनात बसलेली असते. माहलरच्या बाबतीत ती सुटावी म्हणून तरी जुन्या तबकड्या ऐकाव्यात : इथे जुने लोक चपळ आहेत आणि नवे संथ.

पण तेव्हा तबकडीतच जागा नव्हती ना?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. जुनी ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावून घ्यायची, छोटी असेल तर तीनच. आपल्या गवयांनी तीन मिनिटांत राग संपवून दाखवला तो याच मजबुरीपोटी. मग मेंगेलबर्गनंही घाई केली नसेल कशावरून?

सात मिनिटांचा अडाजिएटो दोन बाजूंवर होता. तेव्हा थोडाफार दाब असणारच, हे मान्य. पण एक रेकॉर्डिंग असं आहे जिथे ही सबब चालत नाही.

१६ जानेवारी १९३८. व्हिएन्ना, मुझिकफेराइन सभागृह. ब्रूनो वॉल्टर माहलरची नववी सिंफनी वाजवून घेतोय. तिचा जगातला पहिला प्रयोगही १९१२ मध्ये यानंच केला होता. तोवर माहलर वारलेला होता. १९३८ चं हे वादन स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी केलेलं नाही. समोर श्रोते आहेत, मैफल अखंड चालू आहे आणि एक तबकडी भरत आली की दुसरं यंत्र सुरू केलं जातंय. बाजू भरली म्हणून ऑर्केस्ट्रा थांबत नव्हता. पुढे दहा तबकड्यांच्या वीस बाजूंवर ते विकलं गेलं. लांबी किती? सुमारे ७० मिनिटं. आज हीच सिंफनी ऐंशीच्या आसपास जाते. शेवटचा भाग वॉल्टरनं अठरा मिनिटांत संपवला. १९८५ मध्ये ॲमस्टरडॅमला बर्नस्टाइननं त्याच भागाला जवळपास तीस घेतली.

या व्हिएन्नाच्या रेकॉर्डिंगची देखरेख करणारा माणूस फ्रेड गाइसबर्ग. हे नाव आपण दुसरीकडे ऐकलेलं असतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात कर्ण्यासमोर गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरवणारा तो हाच. एकाच माणसाच्या हातून गौहरजान आणि माहलर, या गोष्टीचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता माझ्याच म्हणण्याला धक्का. हाच वॉल्टर १९६१ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कॅलिफोर्नियात हीच नववी पुन्हा रेकॉर्ड करतो आणि ८१ मिनिटं घेतो. तोच माणूस, तीच माहलरशी ओळख, आणि अकरा मिनिटं जास्त. वय झालं म्हणावं, की स्टुडिओतल्या निवांतपणाचा परिणाम, की १९३८ ची संध्याकाळच वेगळी होती? एका साक्षीदाराच्या दोन जबान्या जुळत नाहीत. म्हणून 'माहलरला ओळखणाऱ्यांनी वाजवलं तेच बरोबर' असं मी म्हणणार नाही. 'संथ तेच खरं' हे मात्र नक्कीच खोटं पडतं.

मग रचनाकारालाच विचारू की

माहलर १९११ मध्ये गेला. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा नीट रेकॉर्ड करण्याजोगं तंत्र तेव्हा नव्हतं. कर्ण्यासमोर शंभर माणसं मावत नाहीत. १९०५ मध्ये त्यानं लाइपझिगला पियानोच्या छिद्रांकित कागदी गुंडाळ्यांवर चार तुकडे वाजवून ठेवले, त्यांत पाचव्या सिंफनीचा पहिला भाग आहे. अडाजिएटो नाही. नशीब म्हणायचं.

इतरांनी मात्र स्वतःची रेकॉर्डिंगं ठेवली. इंग्रज रचनाकार एल्गारच्या 'एनिग्मा' मधला 'निमरॉड' हा तुकडा आज इंग्लंडात युद्धस्मृतीच्या दिवशी जड पावलांनी वाजतो. एल्गारनं स्वतः १९२६ मध्ये तो तीन मिनिटांच्या आत संपवला. बर्नस्टाइननं १९८२ मध्ये लंडनच्या वादकांकडून पाच मिनिटांहून जास्त घेऊन वाजवून घेतला. (बर्नस्टाइनचं नाव इतक्यांदा येतंय याचं कारण तो आळशी होता हे नसून, त्याला थांबणं आवडायचं.)

आणि रशियन रचनाकार स्त्राविन्स्की. त्याचं म्हणणं असं, की वादकानं लिहिलंय ते वाजवावं, आपला अर्थ वर ओतू नये. १९१३ मध्ये पॅरिसला ज्याच्या पहिल्या प्रयोगात गोंधळ उडाला ते 'राइट ऑफ स्प्रिंग' हे नृत्यसंगीत त्यानं स्वतः तीनदा रेकॉर्ड केलं : १९२९, १९४० आणि १९६० मध्ये. लिहिलंय तेच वाजवायचं, तर तिन्ही सारखी हवीत. नाहीत. पहिल्या प्रयोगाचा कंडक्टर पियर मोंतो यानंही १९२९ मध्येच पॅरिसला ते रेकॉर्ड केलं, तेही वेगळंच. १९२९ च्या या तबकड्यांत वादक चाचपडताना ऐकू येतात. तेव्हा हे संगीत खरोखर अवघड होतं. आज विद्यार्थ्यांचे ऑर्केस्ट्रा ते हसतखेळत वाजवतात, आणि मला वाटतं तिथेच काहीतरी हरवतं. कुणाचा तरी बळी देण्याचं हे नृत्य इतकं सफाईदार असावं का?

लय सोडून आणखी काय बदलतं

मिनिटं मोजणं सोपं, म्हणून सगळे मिनिटांवर बोलतात. कान मात्र दुसरीकडेच अडकतो.

मेंगेलबर्गच्या तबकडीतली व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. आजच्या पाश्चात्त्य श्रोत्याला ते जुनाट, थोडं लाडिक वाटतं. आपण ऐकलं तर पटकन म्हणू, 'अरे, ही तर मींड!' त्या काळी ही घसरण सर्रास होती आणि माहलरनं कित्येक ठिकाणी ती स्वतः लिहूनही ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती हळूहळू गावंढळ ठरली आणि स्वच्छ, तुटक स्वरांची फॅशन आली. मला वाटतं, मराठी कान इथे युरोपियन कानापेक्षा सरस ठरू शकतो. आपल्याला मींड ऐकून लाज वाटत नाही.

दुसरी गोष्ट कंप, म्हणजे तारेवरचं बोट हलवून स्वर थरथरवणं. आज तंतुवादक जवळजवळ प्रत्येक स्वराला कंप देतात. रॉजर नॉरिंग्टन या कंडक्टरचं म्हणणं असं, की जुन्या जर्मन-ऑस्ट्रियन ऑर्केस्ट्रांत असा अखंड कंप नव्हताच. त्यानं स्टुटगार्टच्या वादकांकडून माहलर कंपाशिवाय वाजवून घेतला. काहींनी डोक्यावर घेतलं, काहींनी मोडीत काढलं. १९३८ च्या व्हिएन्नात आजच्यापेक्षा कंप कमी आहे हे ऐकू येतं, पण अजिबात नाही असंही मला वाटत नाही. नॉरिंग्टनचा आवाज मला पांढऱ्या भिंतीसारखा वाटतो. स्वच्छ, पण तिथे राहवत नाही.

तिसरी गोष्ट बसण्याची. नवव्या सिंफनीच्या सुरुवातीला मुख्य चाल पहिल्या व्हायोलिनांना मिळत नाही, दुसऱ्या व्हायोलिनांना मिळते. पहिली नंतर येऊन त्यांना बिलगतात. माहलरच्या काळी हे दोन गट कंडक्टरच्या डाव्या-उजव्या हाताला समोरासमोर बसत. आता बऱ्याच ठिकाणी दोघंही डावीकडे असतात. हेडफोन लावून ऑटो क्लेम्पररचं १९६७ चं रेकॉर्डिंग ऐका : चाल उजव्या कानात सुरू होते आणि उत्तर डावीकडून येतं. दोघं डावीकडे बसले की या संवादाची एकाच कानात कुजबुज होते. लय कितीही अचूक असली तरी हे गेलेलं परत येत नाही.

आणि वाद्यं. व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिकमधले हॉर्न आणि ओबो जगातल्या इतर ऑर्केस्ट्रांहून घडणीनंच वेगळे असतात, त्यामुळे आवाजाला वेगळीच माती लागते. मुंबईत १९३६ साली जन्मलेला झुबिन मेहता १९५४ मध्ये शिकायला त्या शहरात गेला, वडील मेहली मेहतांनी मुंबईत उभा केलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा लहानपणापासून ऐकून. १९७५ मध्ये त्यानं याच फिलहार्मोनिककडून माहलरची दुसरी सिंफनी रेकॉर्ड करून घेतली. आपला माणूस म्हणून सांगत नाही. त्या सिंफनीची चांगली रेकॉर्डिंगं मोजायला बसणारे बहुतेक लोक हे नाव घेतातच.

संहिताच एक नसेल तर?

आतापर्यंत मी 'कागद एकच' असं गृहीत धरलं. ते नेहमी खरं नसतं. माहलर स्वतःच्या रचना शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिला. सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात लाकडी हातोड्याचे तीन घाव होते, दैवाचे घाव म्हणून. त्यानं नंतर तिसरा काढून टाकला. काही कंडक्टर तो परत घालतात. शिवाय मधल्या दोन भागांचा क्रम : छापताना एक होता (हळुवार भाग नंतर), १९०६ च्या पहिल्या प्रयोगात माहलरनं उलटा केला, माहलर संस्थेच्या १९६३ च्या संशोधित आवृत्तीनं पुन्हा पहिला आणला आणि २००३ मध्ये त्याच संस्थेनं जाहीर केलं, की उलटाच बरोबर. जॉन बार्बिरोली मैफलीत हळुवार भाग आधी घ्यायचा. १९६७ चं त्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं तेव्हा क्रम फिरलेला होता. एक बरं आहे, फोनवर ऐकताना हा तंटा बोटानं मिटतो. दोन भाग वर-खाली सरकवायचे, बस.

बरं, मग ऐकू कुठलं?

'सर्वांत चांगलं' रेकॉर्डिंग विचारू नका असं म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्याला काहीतरी सांगायलाच हवं. भाचीला मी जे सांगितलं ते इथे लिहितो.

अख्खी सिंफनी दहा जणांची ऐकत बसू नकोस, वैताग येईल. एकच दोन मिनिटांचा तुकडा धर. अडाजिएटोची सुरुवात उत्तम, कारण प-ध-नी-सा लगेच सापडतं. आधी मेंगेलबर्ग, मग हायटिंक, मग पुन्हा मेंगेलबर्ग. आवाज दोन्हीकडे सारखा ठेव. जे जरा मोठ्यानं वाजतं तेच कानाला सरस वाटतं, अगदी जाणकारांनाही. आणि पंखा बंद कर. हे विनोदानं सांगत नाही. माहलर जे अतिशय हळू आवाजात लिहितो ते आपल्याकडच्या मे महिन्यात छतावरच्या पंख्याखाली हरवतं, आणि मग आपण म्हणतो, इथे काही घडतच नाही.

ॲपवर दिसणाऱ्या सालावर भरवसा ठेवू नकोस. ते बरेचदा पुन्हा बाजारात आणल्याचं साल असतं. मी स्वतः एकदा '२०११' वाचून नवं रेकॉर्डिंग म्हणून कौतुकानं ऐकत होतो. ते साठ सालातलं निघालं. नावातही फसगत होते. नुसतं 'बर्नस्टाइन, माहलर पाचवी' म्हणून भागत नाही, कारण न्यूयॉर्कची वेगळी आणि १९८७ ची व्हिएन्नाची वेगळी.

चुकांना घाबरायचं नाही. बर्नस्टाइननं १९७९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर नववी केली. त्या ऑर्केस्ट्राबरोबर तो आयुष्यात एवढ्याच वेळी उभा राहिला. शेवटच्या भागाच्या अगदी शिखरावर, जिथे ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्यं) गर्जायला हवेत, तिथे ते वाजतच नाहीत. भलंमोठं भोक पडतं. हे रेकॉर्डिंग त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलं आणि त्या भोकासकट लोकांनी जवळ केलं. मीही केलं. हल्लीची चार तुकड्यांतून शिवलेली बिनचूक रेकॉर्डिंगं मी एकदा ऐकतो आणि विसरतो.

शेवटी तिनं विचारलं, की इतकं खरखरीत, जुनं ऐकायचंच कशाला, नवी स्वच्छ असताना. मी तिला १९३८ ची नववी पाठवली आणि सोबत चार ओळी. पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत आर्नोल्ड रोझे आहेत, वय ७४. १८८१ पासून ते तिथे बसत आलेत. माहलरच्या बहिणीचे ते यजमान. हे वादन झाल्यावर दोन महिन्यांच्या आत हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं. ज्यू म्हणून रोझेंना त्या खुर्चीतून उठवलं गेलं. ते लंडनला गेले आणि १९४६ मध्ये तिथेच वारले. त्यांची मुलगी आल्मा, तीही व्हायोलिनवादक, १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मेली. ब्रूनो वॉल्टरही ज्यूच; तो पुन्हा युद्ध संपल्यावरच व्हिएन्नात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "ऐकलं. सगळं नाही, पहिला भाग. मामा, मधेच कुणीतरी खोकतंय."

मी लिहिलं, हो, ते काढून टाकता आलं नाही.

ती म्हणाली, "नको काढायला." आणि खाली विचारलं, की व्हायोलिनची ती घसरण, मींड, ती रोझेंचीच का?